‘मॅकआर्थर पार्क’ आणि ती जोडी: जिमी वेब व रिचर्ड हॅरिस यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे दोघे कोण?

जिमी वेब हा गीतकार, संगीतकार आणि अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ लिहिणारा. जन्म १५ ऑगस्ट १९४६, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं एल्क सिटी. वडील बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते. विशीतच त्याची ‘बाय द टाइम आय गेट टू फिनिक्स’ आणि ‘अप, अप अँड अवे’ ही गाणी अमेरिकाभर गाजत होती. रिचर्ड हॅरिस हा आयर्लंडमधल्या लिमरिकचा नट, जन्म १ ऑक्टोबर १९३०. ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’साठी १९६३ साली त्याला कान महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. १९६७ च्या ‘कॅमलॉट’ या संगीतपटात तो राजा आर्थर झाला आणि त्यातली गाणी त्यानं स्वतःच गायली. आजच्या वाचकाला तो हॅरी पॉटरच्या पहिल्या दोन चित्रपटांतला डम्बलडोर म्हणून जास्त ओळखीचा असेल.

दोघांनी १९६८ या एकाच वर्षात दोन एलपी काढल्या: ‘अ ट्रॅम्प शायनिंग’ आणि ‘द यार्ड वेन्ट ऑन फॉरेव्हर’. मोठा वाद्यवृंद, कोरस आणि समोर गायक नसलेला नट. हे पान त्या दोन तबकड्यांबद्दल आहे.

त्यांची गाठ कशी पडली?

१९६७ च्या उत्तरार्धात लॉस एंजेलिसमध्ये एका युद्धविरोधी कार्यक्रमाच्या निमित्तानं. संगीताची बाजू वेबकडे होती. फावल्या वेळात दोघे पियानोशी बसून गात, आणि आपण मिळून एक रेकॉर्ड काढू असं बोलणं होई. अशी बोलणी बहुतेक वेळा हवेतच विरतात. इथे मात्र काही दिवसांनी लंडनहून हॅरिसची तार आली: ये, रेकॉर्ड करू. वेब गेला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि हॅरिस सदतीसचा.

‘मॅकआर्थर पार्क’ हॅरिससाठीच लिहिलं होतं का?

नाही. निर्माता बोन्स हाउ याला ‘द असोसिएशन’ या गायकमंडळासाठी एक लांब रचना हवी होती, भाग पाडलेली, लय बदलत जाणारी, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातल्या कॅन्टाटासारखी. वेबनं ती लिहून दिली, पण मंडळानं नको म्हटलं. लंडनला जाताना वेब गाण्यांची चळतच घेऊन गेला होता. एकेक वाजवून झाल्यावर शेवटी हे नाकारलेलं गाणं निघालं आणि हॅरिसनं ते तिथल्या तिथे उचललं.

गाण्याचे भाग नेमके कोणते? ऐकताना कुठे काय शोधायचं?

एकूण लांबी ७ मिनिटं २१ सेकंद, भाग चार. पुढच्या वेळा साधारण आहेत.

पहिला भाग अडीच मिनिटांपर्यंत. सुरुवात पियानो आणि हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं, पण तार छेडून वाजणारं वाद्य) यांवर होते, मग हॉर्न आणि व्हायोलिनं हळूहळू भर घालतात. मध्यम लय, कडवं, मग धृपद.

दुसरा भाग पाच मिनिटांच्या थोडा अलीकडे संपतो. लय एकदम उतरते आणि आवाज जवळ येतो. यापुढेही गाणी असतील, माणसं भेटतील, पण शेवटी तूच, असा मजकूर आहे. सगळ्या रचनेचा गाभा इथे आहे आणि घाईत ऐकणारे नेमका हाच भाग ओलांडून पुढे जातात.

तिसरा भाग सुमारे दीड मिनिटांचा, शब्दांशिवाय. ड्रम आणि तालवाद्यं पळत सुटतात, ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, तुटक आघात करत जातो. याचं नावच ‘अ‍ॅलेग्रो’.

चौथा भाग म्हणजे धृपदाकडे परत येणं. कोरस येतो आणि हॅरिस खोट्या आवाजात वर जातो.

पहिल्यांदा हेडफोन लावून फक्त हार्प्सिकॉर्डचा माग काढा. तो कुठे गप्प बसतो हे लक्षात आलं की गाण्याचा आराखडा आपोआप उलगडतो.

वाजवलं कोणी, आणि कोणत्या क्रमानं?

पाया २१ डिसेंबर १९६७ रोजी हॉलिवूडमध्ये आर्मिन स्टाइनरच्या साउंड रेकॉर्डर्स स्टुडिओत घातला गेला. ड्रमवर हॅल ब्लेन, कीबोर्डवर लॅरी नेक्टेल, बेसवर जो ऑसबर्न, गिटारवर माइक डेसी आणि हार्प्सिकॉर्डवर स्वतः वेब. लॉस एंजेलिसच्या ज्या वादकांना पुढे ‘रेकिंग क्रू’ म्हटलं गेलं, त्यांतले हे लोक. त्यावर २९ आणि ३० डिसेंबरला तंतुवाद्यं, सुषिरवाद्यं आणि कोरस चढवले. हॅरिसचा आवाज लंडनमध्ये घेतला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. गायक नंतर गातो तेव्हा लय आधीच गोठलेली असते. वाद्यवृंद त्याच्यासाठी क्षणभरही थांबणार नसतो, म्हणून ठरलेल्या चौकटीत शब्द कुठे टाकायचा एवढंच त्याच्या हातात उरतं. सरावलेला गायक अशा वेळी सूर नीट लावून मोकळा होतो. नटाला दुसरी विद्या येते: ओळ किंचित उशिरा उचलायची आणि शेवटच्या शब्दापर्यंत हिशोब चुकता करायचा. दुसऱ्या भागात हॅरिस हे सतत करतो.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या चित्रपटसंगीतात चाल बांधणारा एक आणि वाद्यमेळ लिहिणारा दुसरा अशी विभागणी असे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा अरेंजर म्हणून होते, ते याचं ठळक उदाहरण. वेबनं शब्द, चाल आणि वाद्यमेळ तिन्ही स्वतः लिहिलं. त्यामुळे गायकाचा आवाज कुठे कमी पडणार हे चाल बांधणाऱ्यालाच ठाऊक होतं आणि तिथे काय ठेवायचं हेही त्यालाच ठरवता आलं.

हॅरिस कणसूर लागतो. की आमचेच कान चुकतात?

कान बरोबर आहेत. लांब सूर धरताना तो डळमळतो, दमसास काही ठिकाणी अपुरा पडतो आणि शेवटच्या उंच जागेवर आवाज ताणलेला ऐकू येतो. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण वेबचा वाद्यमेळ याच आवाजासाठी शिवलेला आहे, आणि आमच्या मते या जोडीचं खरं यश तिथे आहे. पाहा: कडव्यात हॅरिस जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत असतो आणि साथ विरळ असते, म्हणून शब्दफेक स्वच्छ पोचते. धृपदाला चाल वर चढते, तेव्हा तंतुवाद्यं आणि ब्रास खालून भरून येतात आणि आवाज त्यांच्यावर टेकतो. तिसऱ्या भागात त्याला पूर्ण विश्रांती आहे. दीड मिनिट वाद्यवृंदच भावना शिगेला नेतो आणि मग हॅरिस फक्त शेवटच्या चढासाठी परत येतो. नाटकात मोठ्या स्वगताआधी नटाला विंगेत श्वास घ्यायला वेळ ठेवतात, तसंच हे.

आपल्याकडे गायकनट म्हटलं की बालगंधर्व आठवतात, म्हणजे गळा आधी आणि अभिनय त्याच्या जोडीला. हॅरिसचं उलट आहे. त्याला नाट्यसंगीताच्या मापानं मोजलं तर निराशाच पदरी पडेल.

पडताळून पाहायचं असेल तर हेच गाणं एखाद्या तयार गळ्याच्या गायकाकडून ऐका. सूर सुधारतो, पण दुसऱ्या भागातला थकवा जातो. तो थकवा गेला की शेवटचं धृपद नुसतं मोठ्यानं गायलेलं वाटतं.

तो ‘मॅकआर्थर्स पार्क’ का म्हणतो?

चूक आहे. नावात तो जादा ‘स’ नाही. वेबनं टेकमागून टेक दुरुस्त करायचा प्रयत्न केला, पण हॅरिसच्या तोंडी ते बसलं ते बसलंच. शेवटी तसंच राहिलं. तुम्ही गाताना मात्र बरोबर नाव घ्या.

पार्क खरंच आहे का? आणि पावसातल्या केकचा अर्थ काय?

पार्क खरं आहे, लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक भागात. मधून विल्शायर बूलेव्हार्ड जातो, एका बाजूला तळं आहे. पूर्वी त्याला वेस्टलेक पार्क म्हणत, १९४२ मध्ये जनरल डग्लस मॅकआर्थर यांचं नाव दिलं गेलं. वेबची तेव्हाची प्रेयसी जवळच नोकरी करायची आणि दोघे दुपारच्या सुटीत तिथे भेटत.

धृपदातल्या, पावसात राहिलेल्या केकबद्दल लोक जवळपास साठ वर्षं डोकं खाजवत आहेत. वेबचं स्वतःचं म्हणणं साधं आहे: गाण्यातलं सगळं त्यानं तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं. झाडांखाली सोंगट्या खेळणारे म्हातारे, पिवळा सुती झगा, पावसात विसरलेला केक आणि ओघळणारं हिरवं आयसिंग. प्रेम संपल्यावर त्याच जागेकडे पाहणाऱ्याला जे दिसेल ते हे. केक करायला लागलेला वेळ आणि परत न मिळणारी कृती, यात गूढ काहीच नाही. गाणं ऐकून हसणारे पुष्कळ. अमेरिकी विनोदी लेखक डेव्ह बॅरी यांच्या वाचकांनी तर त्याला सर्वांत वाईट गाण्यांच्या यादीत वर बसवलं. आम्हाला तो कौल अन्यायाचा वाटतो. एवढ्या घरगुती वस्तूवर एवढा मोठा वाद्यवृंद उभा करायला धाडस लागतं, आणि दुःखात माणूस क्षुल्लक वस्तूलाच धरून बसतो हे खरंही आहे.

सात मिनिटांचं गाणं ४५ च्या छोट्या तबकडीवर मावलं कसं?

हिशोब करून पाहू. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या तबकडीवर ३ मिनिटांच्या गाण्याला १३५ फेरे लागतात. ७ मिनिटं २१ सेकंदांना सुमारे ३३१. सात इंची तबकडीवर संगीतासाठी वापरता येणारा पट्टा साधारण ३० मिलीमीटर रुंद असतो. म्हणजे छोट्या गाण्यात प्रत्येक फेऱ्याला सुमारे ०.२२ मिलीमीटर जागा मिळते आणि या गाण्यात जेमतेम ०.०९.

सुई जिच्यातून चालते ती खाच जितकी जोरात डोलते, विशेषतः बेसच्या सुरांना, तितकी रुंदी खाते. म्हणून लांब गाणं कापताना एकूण पातळी कमी ठेवावी लागते. इथे मधला शांत भाग उपयोगी पडतो, कारण हळू आवाजात फेरे जवळजवळ बसवता येतात आणि वाचलेली जागा गोंगाटाच्या भागाला देता येते.

त्रास शेवटी होतो. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंटीमीटर वेगानं जाते, आतल्या टोकाला २५ सेंटीमीटरवर येते. तेवढाच आवाज कमी लांबीत कोंबला जातो आणि उंच सूर फाटतात. गाण्याचा सर्वांत मोठा कडकडाट नेमका याच ठिकाणी आहे. तुमच्या सिंगलवर, म्हणजे या छोट्या तबकडीवर, शेवटचा कोरस खरखरत असेल तर प्रत्येक वेळी तबकडी खराब असतेच असं नाही. एलपीवर हेच गाणं दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला, बाहेरच्या कडेला आहे आणि तिथे ते बरंच मोकळं ऐकू येतं.

रेडिओनं ते वाजवलं कसं? किती चाललं?

१९६८ च्या वसंतात डनहिल कंपनीनं सिंगल काढलं, मागच्या बाजूला ‘डिड्न्ट वी’. तीन मिनिटांची सवय असलेल्या केंद्रांना ते अडचणीचं होतं. आधी एफएमवरच्या मोकळ्या केंद्रांनी उचललं, मग बाकीच्यांना मागे राहता आलं नाही. जूनमध्ये ते बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. वर हर्ब अल्पर्टचं ‘धिस गाय्ज इन लव्ह विथ यू’ होतं. ब्रिटनमध्ये चौथा क्रमांक, ऑस्ट्रेलियात पहिला. वाद्यमेळासाठीचा ग्रॅमी वेबला मिळाला, आणि एलपीला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं नामांकनही होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीटल्सचं ‘हे ज्यूड’ आलं, तेही असंच लांब, ७ मिनिटं ११ सेकंदांचं.

‘अ ट्रॅम्प शायनिंग’ कुठून ऐकायला सुरुवात करावी?

‘डिड्न्ट वी’पासून. छोटं, सरळ, दोन माणसांचं थोडक्यात हुकलेलं प्रेम. पुढे फ्रँक सिनात्रानंही ते गायलं. मग ‘नेम ऑफ माय सॉरो’ आणि ‘इफ यू मस्ट लीव्ह माय लाइफ’. नऊही गाणी वेबची आहेत आणि त्यांच्यामध्ये वाद्यांचे छोटे दुवे आहेत, म्हणून शफल बंद ठेवा. शफलवर ते दुवे मध्येच तुटतात आणि गाणी अर्धवट सुरू झाल्यासारखी वाटतात.

आणि दुसरी एलपी?

‘द यार्ड वेन्ट ऑन फॉरेव्हर’ अधिक अवघड आहे. आठच गाणी. शीर्षकगीतात पाँपेई आणि नागासाकीपासून घरामागच्या अंगणापर्यंत झेप आहे. ‘द हिम्न्स फ्रॉम ग्रँड टेरेस’ ही ‘मॅकआर्थर पार्क’हून लांब रचना आहे. मोठं गाजलेलं गाणं नसल्यानं ही एलपी झाकली गेली. आम्हाला पहिलीपेक्षा ही जास्त सलग वाटते. ‘वॉटरमार्क’ आधी ऐका.

जुनी प्रत घेताना काय तपासावं?

विकणारा ऐकवणार असेल तर ‘मॅकआर्थर पार्क’चा दुसरा भाग लावायला सांगा. मोठ्या आवाजात ओरखडे दडतात, शांत भागात प्रत्येक टिकटिक उघडी पडते. मग त्याच बाजूच्या शेवटचं शीर्षकगीत लावा. आतल्या टोकाला आवाज फारच फाटत असेल तर बहुधा जड सुईनं झिजलेली प्रत आहे, धुऊन काही होणार नाही.

अमेरिकी सिंगलच्या मधलं भोक मोठं, सुमारे ३८ मिलीमीटरचं असतं. आपल्याकडच्या बहुतेक टर्नटेबलांना वेगळं अडॅप्टर लागेल. ते न वापरता अंदाजानं मध्यावर ठेवलं तर सूर लाटेसारखा वरखाली होतो, आणि हॅरिसच्या आवाजाला ती भर परवडणारी नाही.

मुंबई-कोकण-गोव्यातल्या घरांत पावसाळ्यात पाकिटाला बुरशी धरते आणि तिथून खाचेत उतरते. आतलं कागदी पाकीट बदला, तबकडी उभी ठेवा आणि डिस्टिल्ड पाण्यानं मऊ कापड किंवा ब्रश खाचेच्या दिशेनंच फिरवा. नळाचं पाणी नको, क्षार मागे राहतात.

डोना समरचं तेच गाणं आहे का?

हो. जॉर्जिओ मोरोडेर यांच्याबरोबर केलेलं १९७८ चं डिस्को रूप. वेबच्या गाण्यांपैकी बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते एकमेव. सिंगलमध्ये दुसरा, शांत भाग गाळला आहे. नाचायला ते ठीक, पण मग शेवटच्या धृपदाला परत येण्याचं कारण उरत नाही. २०२४ च्या ‘बीटलज्यूस बीटलज्यूस’ चित्रपटातल्या लग्नाच्या प्रसंगात वाजतं ते मात्र हॅरिसचं.

आम्हाला हे रंगमंचावर करायचं आहे. किती माणसं लागतील?

पूर्ण वाद्यवृंद नसेल तर आम्ही किमान अकरा सुचवू: पियानो, हार्प्सिकॉर्डसाठी दुसरा कीबोर्ड, बेस, गिटार, ड्रम, दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन, दोन व्हायोलिन आणि एक चेलो. व्हायोलिनांखाली कीबोर्डवरचे स्ट्रिंग्ज हलके ठेवावेत. खरी दोन व्हायोलिनं वर असली की खालचं नकली आहे हे कानाला जाणवत नाही. कोरससाठी चार आवाज, आणि ते शेवटच्या भागापर्यंत गप्प.

हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, त्यामुळे पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच येतो. कीबोर्डवर तो स्वर निवडला की टच सेन्सिटिव्हिटी बंद करा. चालू राहिली तर तो पियानोसारखा मऊ-कडक होतो आणि सुरुवातीचा सगळा रंग जातो. सस्टेन पेडलवरूनही पाय काढा.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. पहिलं, गायक पहिल्याच धृपदात सगळा आवाज लावून टाकतो आणि सातव्या मिनिटाला हाती काही राहत नाही. पहिलं धृपद निम्म्या ताकदीनं घ्या. दुसरं, शांत भागातून ‘अ‍ॅलेग्रो’त शिरताना प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी लय असते. नवी लय ड्रमरनं एकट्यानं द्यावी आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहावं. हा सांधा सुटा काढून वीस वेळा करा, अख्खं गाणं वीस वेळा करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. तिसरं, शांत भागात ड्रमर सवयीनं हायहॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी) धरून ठेवतो. तिथे ठेका नकोच, गायकाला ओळ मागे खेचायला मोकळीक हवी.

पट्टी ठरवताना शेवटची उंच जागा पाहून ठरवू नका. कडवं तुमच्या बोलण्याच्या आवाजात बसतं का ते आधी पाहा. वरची जागा खोट्या आवाजात घेता येते किंवा कोरसला देता येते, पण कडवं बोलल्यासारखं आलं नाही तर गाणं उभंच राहत नाही.

परवानगी लागते का?

जाहीर कार्यक्रमासाठी गाण्याच्या सादरीकरणाचा परवाना भारतात आयपीआरएसकडून (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) घ्यावा लागतो. बहुतेक वेळा ही जबाबदारी सभागृह किंवा आयोजकाची असते, पण कागद आपल्या डोळ्यांनी पाहा. मराठीत भाषांतर करून गायचं असेल तर ते वेगळं प्रकरण, त्याला मूळ प्रकाशकाची लेखी संमती लागते.

दोघांनी पुढे एकत्र काम का वाढवलं नाही?

थोडं केलं. हॅरिसच्या १९७१ च्या ‘माय बॉय’ एलपीतही वेबची काही गाणी आहेत. मधल्या काळात एका रोल्स-रॉइस गाडीवरून बिनसलं. गाणं गाजलं तर माझी गाडी तुझी, असं हॅरिसनं म्हटलं होतं आणि ती गाडी आली नाही, हे वेबनं स्वतः पुष्कळदा सांगितलं आहे.

या वळणाचं आणखी काय ऐकावं?

वेबचंच हवं असेल तर ‘फिफ्थ डायमेन्शन’ची ‘द मॅजिक गार्डन’ (१९६७) आणि थेल्मा ह्यूस्टनची ‘सनशॉवर’ (१९६९). दुसरीत वेबची गाणी खऱ्या अर्थानं तयार गळ्यातून ऐकायला मिळतात, हॅरिसशी तुलना करायला याहून चांगली तबकडी नाही. नटांमध्ये नोएल हॅरिसनचं ‘द विंडमिल्स ऑफ युअर माइंड’ (१९६८), चाल मिशेल लग्रां यांची. फ्रान्समध्ये सर्ज गेन्सबर यांनी अभिनेत्री ब्रिजित बार्दोबरोबर १९६८ मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ गायलं आणि १९७१ मध्ये जेन बर्किनला घेऊन ‘इस्त्वार द मेलोडी नेल्सन’ केली. ती अर्ध्या तासाच्या आत संपते, वाद्यमेळ जाँ-क्लोद व्हानिए यांचा. तिथेही आवाज कुजबुजण्याच्या पातळीवर आणि वाद्यवृंद मागे डोंगरासारखा, पण वेबच्या उलट तो गायकाला हात देत नाही, दूर उभा राहतो. दोन्ही एकाच संध्याकाळी लागोपाठ ऐका, आधी हॅरिस.